हरकत क्रमांक सत्त्याऐंशी

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. दाढ एकदाची काढलीस हे बरं केलंस. सहा महिने गालाला हात लावून नवाबासारखा बसला होतास.

इथे दरवाढीची धांदल चालू आहे. वीज कंपनीला दर बदलायचे तर आधी विधिमंडळाच्या समितीपुढे यावं लागतं, आणि लोकांच्या हरकती नोंदवून घ्यायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याच गळ्यात. गेल्या वर्षी अर्धवट राहिलेला स्थिर आकाराचा प्रस्ताव यंदा पुन्हा आलाय. एक दिवा जाळणाऱ्यालाही बंगलेवाल्याइतकाच आकार. काल सत्त्याऐंशीवं पाकीट फोडलं. आत आपल्या अण्णांचं अक्षर होतं. तेच डावीकडे कललेलं, तीच जांभळी शाई. त्यांना जाऊन आठ महिने झाले, आणि ते लिहितायत की समितीने मला बोलवावं, मी समक्ष येऊन बोलेन.

तारीख गेल्या वर्षीची, पण पोस्टाचा शिक्का तुमच्या गावचा आणि गेल्या आठवड्याचा. तुला आठवत असेल, गेल्या वर्षी बोलावणं का आलं नाही म्हणून ते मला प्रत्येक पत्रात विचारायचे. माझ्या रजिस्टरात त्यांची हरकत नोंदलेलीच नव्हती. मी फटकन लिहिलं, की अण्णा, तुम्ही पाठवलीच नसेल, हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही. तेव्हापासून तो माणूस स्वतःवरच संशय घेऊ लागला. कालपासून मला ते टेबलाशी उभे दिसतात, चष्मा पुसत. हे पाकीट कुणी टाकलं ते ठाऊक असेल तर लगेच कळव.

जिवाला जप, आणि लोभ आहे तो उत्तरातून दिसू दे.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

मीच टाकलं.

गेल्या वर्षी अण्णांनी ते पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. मी कंपनीच्या बिल विभागातला माणूस. घरूनच हरकत गेली तर बढती हातची जाईल असं वाटलं आणि मी ते कपाटात शर्टांखाली सरकवलं. उद्या टाकू, परवा टाकू करत मुदत गेली. मग तू त्यांना विसरभोळे ठरवलंस आणि मी त्यांच्या शेजारी खाली मान घालून जेवत राहिलो. त्यांनी घरातल्या बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, हा दिवा, हा पंखा. ताई, ते काहीसुद्धा विसरले नव्हते, आणि हे एकट्या मला माहीत होतं.

बढती मिळाली. पण रोज सकाळी शर्ट काढायला कपाट उघडलं की अण्णा पाठीमागून विचारतात, टाकलंस ना रे. वळून पाहतो तर कुणी नसतं. सहन होईना म्हणून पाकीट टाकून आलो. वाटलं, आता तरी विचारणं थांबेल. थांबलं नाही. तू ते फाडून टाक ना, तुझ्या हातात आहे.

हवं तेवढं बोल मला, पण अबोला धरू नकोस.

तुझा धाकटा

ता. १६ मार्च

चि. धाकट्यास आशीर्वाद.

लहानपणी काच फोडून माझ्या मागे लपायचास, तसाच अजून लपतोयस. पत्र मी फाडलेलं नाही. तुझं शर्टांखाली ठेवणं आणि माझं फाडणं यात फरक तो काय राहिला असता?

काल सुनावणी झाली. आमच्याकडची पद्धत अशी, की शिपाई दारात उभा राहून हरकत घेणाऱ्याचं नाव तीनदा पुकारतो. कुणी आलं नाही तर हरकत सोडली असं मी लिहायचं. माणूस वारला असेल तर घरचं कुणी उभं राहिलं तरी चालतं. तू समोरच होतास, कंपनीच्या रांगेत, साहेबांच्या फायली मांडीवर घेऊन. अण्णांचं नाव पहिल्यांदा व्हरांड्यातून गेलं तेव्हा तू दाराकडे पाहिलंस. दुसऱ्यांदा तू फायलीची नाडी सोडून पुन्हा बांधलीस. तिसऱ्यांदा पुकारलं आणि माझं पेन काही चालेना. मी उठले आणि म्हटलं, मी त्यांची मुलगी.

अध्यक्षांनी विचारलं, दराबद्दल काय म्हणणं आहे. वीस वर्षं हेच काम करतेय, दर तोंडपाठ आहेत. पण एवढंच सांगितलं, की माझे वडील विसरले नव्हते. एका सदस्यांनी विचारलं की मग वर्षभर पत्र होतं कुठे. मी म्हटलं, घरात. तुझं नाव घेतलं नाही.

समितीच्या कर्मचाऱ्याला हरकतीवर बोलता येत नाही, म्हणून माझं बोलणं कामकाजातून वगळलं आणि मला दुसऱ्या विभागात हलवलं. कागदोपत्री अण्णांच्या वतीने कुणी आलंच नाही. अध्यक्षांनी भलेपणाने सव्वीस तारखेची शेवटची संधी दिली आहे. त्या दिवशी नाव पुन्हा तीनदा पुकारतील. या वेळी उठायला मी तिथे नसेन.

माया आटलेली नाही, पण सध्या ती मागू नकोस.

ताई

ता. २० मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

आज सव्वीस तारखेची रजा मागितली. साहेब म्हणाले, त्याच दिवशी फायली घेऊन समितीपुढे जायचंय, रजा कसली मागतोस. मी सांगितलं, की येणार आहे, पण आपल्या रांगेत बसणार नाही. ते बराच वेळ समजावत होते. हे टेबल राहणार नाही, हेही त्यांनी बजावलं. मग अर्ज माझ्याकडे परत सरकवला; कारण लिहायचं राहिलं होतं.

मी लिहिलं, वडिलांच्या नावाला ओ द्यायची आहे.

साहेबांनी ते वाचलं आणि हळूच विचारलं, तुझे वडील तर गेले ना. मी हो म्हटलं.

तुझा धाकटा