सूचक, अनुमोदक आणि वेबसाइटचं कुलूप

लखनऊ, १६ जानेवारी २०१८

आदरणीय मधुसूदनराव,

थोरल्या साडूंना धाकट्याने साष्टांग नमस्कार घालावा अशी रीत आहे. गुडघ्यांमुळे मी तो खुर्चीतूनच घालतोय, मानून घ्या. विजयाताईंचं पडसं आणि तुमची शुगर आटोक्यात असेलच. इकडे थंडी मरणाची. धुक्यात सब्जीवाला भैया आधी ऐकू येतो, मग दिसतो. तिळगूळ कुरियरने पोचला असेल. गोड बोलायची अट मात्र या पत्रापुरती शिथिल समजा.

तर तुमच्या त्या यंत्राबद्दल. दिवाळीत आलात, चार दिवस छान राहिलात आणि जाता जाता आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या वेबसाइटवर उपकार करून गेलात. वेबसाइटला सुरक्षेचं सर्टिफिकेट लागतं, ते दर तीन महिन्यांनी नवं करावं लागतं, विसरलं की लोकांना 'ही साइट धोकादायक आहे' अशी लाल पाटी दिसते. म्हणून आमच्या घरी ठेवलेल्या मंडळाच्याच जुन्या कॉम्प्युटरवर तुम्ही ते फुकटचं सॉफ्टवेअर बसवलंत. ते म्हणे आपलं आपण सर्टिफिकेट मागवतं, आपण लावतं, कोणाला काही विचारत नाही. वा! अहो, आमच्याकडे चहाच्या किटलीचं झाकण बदलायलाही सूचक आणि अनुमोदक लागतो. कोणाला न विचारता काम करणारं यंत्र तुम्ही आणून ठेवलंत महाराष्ट्र मंडळात! इतकी वर्षं कॉम्प्युटर कंपनीत काढलीत, पण माणसं काही ओळखता आली नाहीत तुम्हाला.

व्हायचं तेच झालं. आमचे खजिनदार सुधीरराव (इथल्या वनस्पती संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते, जन्मभर गवताच्या मुळांवर संशोधन केलं, निवृत्त झाल्यापासून आमच्या मुळावर आलेत) भर सभेत उभे राहिले. मंडळाच्या नावाचं सर्टिफिकेट परस्पर नवं होतंच कसं? कोणाच्या सहीने? मी सेक्रेटरी, उत्तर मलाच द्यायचं. मी म्हटलं, यंत्र करतं. ते म्हणाले, यंत्र सभासद आहे का? (टाळ्या. टाळ्या वाजवायला आमच्याकडे सूचक लागत नाही.) झाला ठराव. आपोआप काही होणार नाही, दर वेळी कार्यकारिणीची मंजुरी घ्यायची, आणि पारदर्शक कारभारासाठी त्या सर्टिफिकेटचे सगळे कागद नोटीस बोर्डावर लावायचे. मी घरी येऊन तुमचं ते आपोआपचं बटण बंद केलं. ठराव म्हणजे ठराव.

आता सगळे कागद म्हणजे सगळेच ना? कॉम्प्युटरमध्ये त्या फोल्डरात जे जे होतं त्याच्या प्रिंट काढल्या. एक सर्टिफिकेट होतं, आणि एक 'प्रायव्हेट की' नावाचा कागद होता. तो तर भलताच भारदस्त दिसत होता, वरपासून खालपर्यंत नुसती अक्षरं, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. सुधीररावांनी स्वतःच्या हाताने तो लॅमिनेट करून घेतला आणि हळदीकुंकवाच्या सूचनेशेजारी लावला. छावणीतल्या एका उत्साही सभासदाने त्याचा फोटो काढून मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'मंडळाचे हार्दिक अभिनंदन!' चाळीस जणांनी हात जोडले. आमची अंतरा तेवढी फोटो बघून किंचाळली, "पापा! घर की चाभी कोई दीवार पे टाँगता है क्या?" (पोरीशी जन्मभर मराठीत बोललो, किंचाळते मात्र हिंदीत.)

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. मी फोन केला, तुम्ही फोनवर जे बोललात ते विजयाताईंनी ऐकलं नसावं अशी आशा आहे. तुमच्या सांगण्यावरून मी जुनं सर्टिफिकेट तिथल्या तिथे रद्द केलं. छान. आता नवं घ्यायचं तर मंजुरी हवी. सभा बोलावली. सुधीररावांनी विचारलं, मुदत बाकी असताना जुनं रद्द का केलं, आणि नवं घ्यायचं तर तीन कोटेशनं कुठे आहेत? मी म्हटलं, अहो, फुकट मिळतं. ते म्हणाले, तिघांकडूनही फुकटचीच आणा, पण आणा! यावर इतकी वादावादी झाली की निम्मे लोक उठून गेले, गणसंख्या संपली आणि सभा तहकूब. तेव्हापासून साइटवर लाल पाटी आहे, आणि तुम्ही साइटला हौसेने लावलेल्या सुरक्षेच्या कडक शिस्तीमुळे पाटी ओलांडून आत जायची सोयच नाही. शहराबाहेरच्या बख्शी का तालाबहून एक निवृत्त एअरफोर्सवाले रोज फोन करतात आणि मंडळ चोरांच्या हाती गेलं का, असं अदबीने विचारतात. मी काय तोंड दाखवू? पंधरा वर्षं सेक्रेटरी आहे मी. हे पद गेलं तर सकाळी उठून करू काय, मनीषाच्या भाज्या निवडू? खरं सांगतो, त्या विचाराने झोप लागत नाही.

तेव्हा तुमचं यंत्र, तुमची जबाबदारी. काय ते निस्तरा.

आपला,
हेमचंद्र

ता. क. निस्तरा म्हटलं खरं, पण घाई नको. मंडळाची निवडणूक फेब्रुवारीत आहे. उमेदवारी अर्ज या महिनाअखेरपर्यंत, आणि फक्त वेबसाइटवरच घ्यायचे असा ठराव मागेच झालाय (सूचक मी). माझा अर्ज मी पहिल्याच दिवशी भरला. मग पाटी लागली, आणि सुधीररावांसकट कोणालाच आत जाता येत नाहीये. बिनविरोध, मधुसूदनराव! तेव्हा एक तारखेपर्यंत कृपा करून काहीही करू नका.

ता. क. २. हे फोनवर बोलू नका, फोन मनीषा उचलते. पत्र बंद करून पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतोय, कारण डिंक कुठे ठेवलाय ते तिलाच माहीत.

(खाली, वेगळ्या अक्षरात)

भाऊजी, नमस्कार. डिंक सापडला. काल सकाळी हे चौकात मक्खन मलाई खायला गेले होते, तेव्हा तुम्ही ताईच्या फोनवरून सांगितलंत तसं मी आणि अंतराने केलं. ठराव-बिराव काही नाही, बटण दाबलं. पाटी गेली. सेक्रेटरीपदासाठी माझा अर्जही भरला. सूचक सुधीरराव, अनुमोदक अंतरा. यांनी विचारलं तर तुम्ही काहीही केलं नाही असंच सांगा, त्यांची तीच इच्छा आहे.

मनीषा