पोरांना वर न्या, मग बोलते

प्रिय भोपळ्या,

चष्मा सापडत नाही म्हणून तुझी बायको सू-छिन तुला हे मोठ्याने वाचून दाखवत असेल, तर तिने 'प्रिय आ-हाई' असं वाचावं. माझ्या हाताला मात्र तुझं स्टेजवरचंच नाव येतं, त्याला मी काय करू? फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी स्टेजचा विषय काढला की तू 'बरं बरं, गिऱ्हाईक आलंय' म्हणतोस आणि माशांच्या गोळ्यांचं सूप ढवळायला पळतोस. पत्राला असं टाळता येत नाही. तर आधी बातमी ऐक. काल रात्रीच्या जेवणानंतरच्या खेळात मी एका आजीला, एका मॅनेजरबाईला आणि अख्ख्या थिएटरला चारी मुंड्या चीत केलं. जिंकले रे मी. अजून अंगात भिनलंय. सकाळपासून भेटेल त्याला उगाच गुड मॉर्निंग म्हणत फिरतेय.

आता नीट सांगते. तुला माहीत आहे, ह्या उन्हाळ्यात मी कीलुंगहून जपानच्या इशिगाकी बेटाला जाणाऱ्या जहाजावर लागले. जेवता जेवता चावट विनोद ऐकायच्या त्या जुन्या रेस्टॉरंट शोची आठवण जागवायची म्हणून त्यांना कुणीतरी जुनं खोड हवं होतं आणि आपल्यातली बरीचशी खोडं आता एकतर देवाघरी आहेत किंवा देवळात घंटा वाजवतात. थिएटरबाहेर माझा हा एवढा मोठा फोटो, खाली 'लवंगी मिरची', आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'फक्त प्रौढांसाठी'. मी म्हटलं, वा, शेवटी कुणीतरी पाटी लावली. पहिल्या खेळाला पडदा सरकला आणि समोर बघते तर पहिल्या रांगेत बाबागाडी. तिच्यात दुधाची बाटली धरून एक गोंडस गोळा. शेजारी दोन पोरं अननसाचे केक खात बसलेली. त्यांच्या मागे आणखी. माझ्या तोंडात आलेलं वाक्य तिथेच अडकलं.

कसं असतं, इथे लोक जोडीने येत नाहीत. आजी, आजोबा, लेक, जावई, सून, नातवंडं, अशी वरातच चढते जहाजावर. तिकिटात शो आहे ना, मग पोरांनी का सोडायचा? दारावर उभा असलेला मुलगा सगळ्यांना वाकून नमस्कार करतो. आजीबाईला अडवायची त्याची काय बिशाद! आणि विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच. बाई तैवानी भाषेत विनोद करते, आमच्या पोरांना फक्त मँडरिन येते, त्यांना कुठे कळतंय! हे इतक्या ठामपणे सांगतात की एखाद्याला खरंच वाटावं. वर आणखी बक्षिसाच्या लाल पाकिटाची हौस. कलाकाराला पाकीट द्यायचं तर ते स्वतः जाऊन नाही द्यायचं, पोराच्या हातात देऊन त्याला स्टेजवर पिटाळायचं. पोर तुरुतुरु चालत येतं, सगळे मोबाइल वर करतात, आई गं किती गोड! आणि इकडे मी एका नवरीची मधुचंद्राची गोष्ट निम्म्यावर आणून ठेवलेली असते.

माझी जीभ कशी आहे ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? पण समोर दुधाचे दात दिसले की ती टाळ्याला चिकटते. मी निम्मे विनोद गाळायचे, निम्मे पातळ करायचे. मग तक्रारी दोन्हीकडून आल्या. एका बाईने सांगितलं, आमच्या मुलाने नाश्त्याला विचारलं की नवरी खाटेखाली का लपली, आम्ही काय सांगायचं? दुसरे एक आजोबा म्हणाले, लवंगी म्हणून आलो होतो, ढोबळी निघाली. फान म्हणून आमची करमणूक विभागाची मॅनेजर आहे, माझ्या पुतणीच्या वयाची, कायम गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि हातात पाण्याची बाटली. तिने मला बोलावून सांगितलं, ताई, एकतर सगळा कार्यक्रम स्वच्छ करा, नाहीतर पुढच्या फेरीपासून इथे कबुतरांचा जादूगार येतोय. पाहुण्यांना मी बाहेर काढू शकत नाही, पाहुणे चिडले तर माझी नोकरी जाईल. या फेरीचा शेवटचा खेळ बघते आणि ठरवते. मी तिला म्हटलं, पोरी, घाणेरडं बोलायला मी आयुष्यभर मेहनत केलीय, स्वच्छ बोलायला कुणीही येतं. ती हसली नाही.

तेव्हा मला बेइकांगची जत्रा आठवली. तुलाही आता आठवली असणार. ट्रकवरचं आपलं स्टेज, देवळाचे फटाके, आणि तो बाप, पोराला खांद्यावर घेऊन गर्दीतून पार पुढे आलेला. पोर तुझ्या नाकासमोर. तू बोलता बोलता थांबलास. मी चिमटा काढला तरी गप्प. मग एकदम म्हशीच्या चोरीची ती बाळबोध नक्कल सुरू केलीस आणि लोकांनी शिट्ट्या मारून आपल्याला खाली उतरवलं. पुढच्या वर्षीचं बोलावणं आलंच नाही. ट्रकमागे उभा राहून तू गळ्यातला तो लाल बो-टाय काढलास आणि म्हणालास, ज्या तोंडाने घरी पोरांना जेवायला हाक मारतो, त्या तोंडाने हे पोरांसमोर निघत नाही, आ-ग्वेई, आणि पोरं तर हल्ली सगळीकडेच असतात. तू गेलास माशांच्या गोळ्या वळायला. मला तुझा राग आला नव्हता. तुझं म्हणणं बरोबर होतं, फक्त मला त्यावर उत्तर सापडत नव्हतं. मग मी एकटीनेच लग्नांतले कार्यक्रम केले, निवृत्तीच्या मेजवान्या केल्या, दोघांची वाक्यं एकटीने बोलले. अजूनही मी स्टेजवर मधोमध उभी राहत नाही, डावीकडेच राहते. तुझी आठवण येते, हे मी एकदाच सांगणार आहे, सू-छिन, हे ऐकून हसू नकोस.

तर काल. दुपारीच मी नवव्या मजल्यावर जाऊन आले. तिथे मुलांची खोली आहे, रंग आहेत, ठोकळे आहेत, गोड स्वभावाची एक फिलिपिनो मुलगी आहे. तिला म्हटलं, आज जेवणानंतर खोली उघडी ठेवशील? ती म्हणाली, ती रोजच उघडी असते हो, पोरांना सोडायला कुणी येतच नाही. हे ऐकून मला इतका चेव चढला की मी लाल सदरा काढून हिरवा घातला. हिरव्यात मला लाज वाटत नाही, तुला माहीत आहे.

थिएटर खच्चून भरलेलं. फान मागच्या, दिव्यांच्या काचेच्या खोलीत हाताची घडी घालून उभी. मी सुरुवात साधीच केली, जहाजावरच्या जेवणातले पाव पिशवीत भरणाऱ्या सासवांवर. हशा आला. मग नवरी खोलीत शिरली, नवऱ्याने दाराला कडी घातली, आणि स्टेजच्या पायऱ्यांवर टपटप आवाज. बघते तर पाच-सहा वर्षांची एक मुलगी, दोन शेंड्या, दोन्ही हातांत लाल पाकीट. मोबाइल वर. किती गोड, किती गोड! मी वाकून दोन्ही हातांनी पाकीट घेतलं आणि तैवानीतच विचारलं, कुणाबरोबर आलीस गं राणी? पहिल्या रांगेतून तिची आजी ओरडली, तिला मँडरिनमध्ये विचार बाई, तैवानी तिला ओ की ठो कळत नाही, म्हणून तर आणलीय! त्यावर पोरगी वळली, कमरेवर हात ठेवला, आणि अस्सल भाजीबाजारातल्या तैवानीत म्हणाली, कळतं मला सगळं. तू दुपारी शेजारच्या काकूंशी फोनवर आईबद्दल बोलतेस ना, आमा, ते पण कळतं.

थिएटर कोसळलं. शेजारी बसलेल्या सुनेने मान सावकाश सासूकडे वळवली. भोपळ्या, ती मान वळताना तू बघायला हवी होतीस. आणि हशा चालू असतानाच मला दिसलं, इतर रांगांतल्या आज्या आपापल्या नातवंडांकडे चोरून बघतायत. कारण पोरांना सांभाळतं कोण? त्याच. दिवसभर पोरांच्या कानावर पडतं काय? त्यांचंच बोलणं. आणि ह्याच सांगत होत्या, कळत नाही म्हणून!

मी माईक खाली घेतला. म्हटलं, आमा, आजीबाई, वर या. ह्या गोष्टीचा शेवट मी तुमच्या कानात सांगते. तुम्ही तो तुमच्या शब्दांत नातीला सांगायचा. सांगितलात तर ती पहिल्या रांगेत बसेल आणि मी तिला वाकून नमस्कार करीन. नाही जमलं तर ती वर रंगवायला जाईल. आमा कसली माघार घेते! म्हणाली, अख्खी हयात कोंबड्या विकल्या मी बाजारात, मला काय लाजवतेस, सांग! आणि धाडधाड वर आली. मी तिच्या कानाला लागले. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, तुझा खाटेवरून पडण्याचा तुकडासुद्धा घातला. आधी तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग खांदे. मग तिने कवळी सांभाळायला तोंडावर हात धरला आणि दुसऱ्या हाताने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की आज सकाळी वळताना आई गं म्हटलं मी.

आणि मग तिने खाली बघितलं. पोरगी मान वर करून वाट बघत उभी होती. सांग ना आमा, म्हणाली. आमाने तोंड उघडलं. मिटलं. परत उघडलं. मग म्हणाली, हे तू मोठी झालीस की सांगेन तुला. पोरगी म्हणाली, किती मोठी? आमा म्हणाली, मी मेल्यावर ये. आणि नातीचा हात धरून तरातरा निघाली. दारापाशी वळून मलाच दम भरला, लवंगे, मी येईपर्यंत एक शब्द पुढे बोललीस तर बघ, आणि माझ्या खुर्चीला कुणी हात लावायचा नाही!

मी स्टेजच्या कडेला पाय सोडून बसले. म्हटलं, अजून कुणाला समजावून सांगायचंय आपल्या पोराला? या वर, कान द्या. नववा मजला उघडा आहे, रंग फुकट आहेत. पोरांना वर न्या, मग बोलते. मला घाई नाही. कुणी हलेना. पाचव्या रांगेतला एक चष्मेवाला म्हणाला, आम्ही तिकीट काढलंय. तर मागून तीन-चार आजोबाच त्याच्यावर तुटून पडले, अरे ने ना बाबा त्याला वर, आम्हाला ऐकायचंय! दिव्यांच्या खोलीत फानने डोक्याला हात लावलेला मला दिसत होता. पण मग बाबागाडी वळली. मग केकवाली दोघं. मग रांगच लागली. आया पोरांना कडेवर घेऊन धावल्या आणि एकट्याच धापा टाकत परत आल्या. कितीतरी जणी नवऱ्याशेजारी मध्ये पोर नसताना पहिल्यांदाच बसल्या असतील. एकीने तर बसता बसता नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

सगळ्यात शेवटी आमा आली, आपल्या खुर्चीत बसली, सुनेच्या हातातलं सरबत घेऊन एक घोट प्यायली आणि मला म्हणाली, हां, चालू कर. आणि मी चालू केलं. काहीही न गाळता, काहीही पातळ न करता. असा हशा मी आपण काओशुंगचं रेस्टॉरंट सोडल्यापासून ऐकला नव्हता. सासू आणि सून एकमेकींचा हात धरून हसत होत्या. आणि दिव्यांच्या खोलीत फान बाटली तोंडावर दाबून खाली बसली होती. नंतर मेकअपच्या खोलीत येऊन म्हणाली, ताई, एकही तक्रार नाही, लोक उद्याचा खेळ आहे का विचारतायत, आणि चष्मेवाल्याने बायकोसाठी पुढच्या फेरीची जागासुद्धा विचारलीय. जादूगाराला मी नको म्हणून कळवते. दारावर आता मी स्वतः उभी राहीन, आणि कुणी पोर घेऊन आलं तर म्हणेन, चला, आधी लवंगीताईंकडून कानात ऐकून घ्या.

आता हे सगळं तुला का लिहिलं ते ऐक. फानने हिवाळाभर काम दिलंय. मी म्हटलं, हिवाळाभर एकटी नाही करणार, माझी निम्मी वाक्यं कीलुंगच्या बाजारात माशांच्या गोळ्या वळतायत. ती म्हणाली, मग बोलवा त्यांना. सू-छिनला मी कालच फोन केला होता, ती तुला काही बोलली नसेल, कारण मीच तिला बोलू नको म्हटलं. ती म्हणते, दुकान मी बघते, ह्याला घेऊन जा, स्वयंपाकघरात एकटाच बडबडत असतो. तेव्हा शुक्रवारी सामान घेऊन धक्क्यावर ये, आणि नातीलाही आण, युन-युनला समुद्र बघू दे. पोरं सगळीकडे असतात म्हणाला होतास ना? इथे नसतात. खेळाच्या वेळी ती नवव्या मजल्यावर रंगवत बसेल आणि तू खाली जे तोंडात येईल ते बोल. काल सगळं आटोपल्यावर खाली माईक चालू ठेवून फानला मोठमोठ्याने बोलायला लावलं आणि मी वर जाऊन जमिनीला कान लावला. एक अक्षर ऐकू येत नाही रे.

तुझीच,
आ-ग्वेई