तोरंजन कोणी बांधलं होतं

बाबा, दुपारची जेवणं आटोपली आहेत, भाऊ पडवीत आडवा झाला आहे आणि मी लॅपटॉपसमोर बसून वेबसाइट करायला शिकते आहे. शिकवणारा व्हिडिओतला एक तरुण आहे. पहिल्याच धड्यात तो हसत म्हणाला, "इतकं सोपं आहे की तुमची आजीसुद्धा करेल." मी त्याला तिथेच, उघड्या तोंडाने थांबवून ठेवला आणि सावकाश चहा पिऊन आले. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी असलं बोलणं वर्गात एकदाही ऐकून घेतलं नसतं. तरी शिकते आहे. अकरावा धडा चालू आहे.

पान आपल्या माटोळीचं आहे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला तुम्ही रानातलं काय काय बांधायचात, त्याचे फोटो आणि नावं. आता लोक सगळं बाजारातून आणतात आणि नाव विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. पेडण्याच्या कचेरीत जन्म घालवून मी निवृत्त होऊन कारापूरला परतले, तेव्हाच ठरवलं होतं की हे आपण लिहून ठेवायचं.

आजच्या धड्यात त्याने सांगितलं, केलेलं पान मोबाइलवर बघा, लोक तिथेच बघतात. वहिनीच्या तडा गेलेल्या फोनवर उघडलं, तर तोरंजनाचं ते मोठं पिवळट फळ कडेबाहेर घसरून अर्धं कापलं गेलेलं. आणि मला तुम्ही दिसलात. माटोळी बांधून झाली की तुम्ही खाली चटईवर उताणे पडता, हात डोक्याखाली. "माटोळी उभ्यान कोण बघता गो? बसान बघतत," असं म्हणता आणि मलाही शेजारी पडायला लावता. बघायला मला परवानगी होती. बांधायला नव्हती. "चेडवांनी बांधूची नाय, तू वयर दी फक्त." मुलगी परक्या घरची म्हणे. मी तर कुणाच्याच घरी गेले नाही, बाबा.

मी नववीत असतानाची चवथ. तुम्ही आणि भाऊ गणपती आणायला गेला होता, आई स्वयंपाकघरात. भाऊने अर्धवट बांधून सोडलेलं तोरंजन मी स्टुलावर चढून, केवणीच्या सालीच्या दोरीची गाठ मारून, बांधून टाकलं. दुसऱ्या दिवशी आरती चालू असताना ते समईवर पडलं आणि वात विझली. आई रडायला लागली, आजी देवाची क्षमा मागत राहिली. तुम्ही विसर्जन आटोपून घरी आलात. मग भाऊला म्हणालात, "तुजो हात सैल." एवढंच. त्यानंतर जड फळ तुम्ही त्याच्या हातात कधी दिलं नाहीत. तुमच्यामागे त्याने चाळीस-एक वर्षं माटोळी बांधली, पण प्रत्येक गाठ दोनदा मारतो, ओढून बघतो आणि आरती संपेपर्यंत डोळे वरच लावून उभा असतो.

पानाच्या तळाशी 'बांधणारे' असं लिहून मी तुमचं आणि भाऊचं नाव घातलं आहे. पान माझं, मला कोण अडवणार, म्हणून तिसरं नाव माझं टाइप केलं. मग पुसलं. मी तिथे आयुष्यात एकच गाठ मारली होती.

आता भाऊ जागा झाला. पडवीतूनच ओरडतो आहे, "झाला काय गो तुझा कॉलेज? माझ्या हातून पडलेलो तो तोरंजन घातलंस मां त्यात?" आणि स्वतःच हसतो.

"घातला," मी म्हटलं.

"नीट बांध हां. परत पडात."

फोटो मी आकार बदलून आत घेतला. आता तो वहिनीच्या फोनवर नीट दिसतो. खाली चटईवर बसून बघितलं.

ती गाठ माझी होती, बाबा. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुम्ही वाचणार नाही. भाऊ दहा पावलांवर आहे.