चौदाव्या खांबाची हद्द

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
कामगार नुकसानभरपाई मुख्य कार्यालय,
दुसरा मजला.

अर्जदार: दोर वळणारा कामगार, हजेरी क्रमांक ११२, दोरखंड कारखाना.

विषय: माझ्या उजव्या हाताचा दावा पूर्व विभागाने ऐकावा की पश्चिम विभागाने, हे एकदाचे ठरवून मिळणेबाबत, आणि ते ठरत नसल्यास निदान घंटेची दोरी बांधू देणेबाबत.

संदर्भ: १) पश्चिम विभागाचे पत्र, ‘दावा पूर्वेकडे वर्ग करण्यात येत आहे’.
२) पूर्व विभागाचे पत्र, ‘दावा पश्चिमेकडे परत करण्यात येत आहे’.
३) पश्चिम विभागाचे पत्र, ‘संदर्भ १ पाहावा’.
४) माझे यापूर्वीचे सात अर्ज.

महोदय,

१. हा अर्ज मी डाव्या हाताने लिहिला आहे. अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखे आले आहे, त्याबद्दल सुरुवातीलाच क्षमा मागतो. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी शिल्लक आहेत, पण त्या दोघांचे एकमत होत नाही.

२. आमचे काम आपणांस ठाऊक असेलच असे नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. आमची शेड अरुंद आणि फार लांब आहे. तिला चाळीस खांब आहेत. एका टोकाला फाटक, दुसऱ्या टोकाला विजेवर फिरणारे चाक. चाकाला तीन पेड बांधायचे, त्यांची दुसरी टोके फाटकाकडच्या गाड्याला अडकवायची, आणि तिन्ही पेडांमध्ये तीन खाचांचा लाकडी ठोकळा धरायचा. चाक फिरते, पीळ भरतो, ठोकळ्यामागे दोर तयार होतो आणि ठोकळा चाकाकडे सरकत जातो. तो धरणाऱ्याची नजर तयार होणाऱ्या दोरावर हवी, म्हणून तो चाकाकडे पाठ करून उलटा चालतो. मी बावीस वर्षे असा उलटा चाललो. लोक आयुष्यात पुढे जातात म्हणे.

३. आता उलट्या चालणाऱ्याला एकच धास्ती असते, ती म्हणजे पाठीमागचे चाक किती लांब आहे याची. म्हणून आमच्यात खांब चाकापासून मोजतात. ‘चौदावर आलो’ म्हणजे चाक चौदा खांब राहिले. बावीस वर्षांत कुणी फाटकापासून खांब मोजल्याचे मी ऐकले नाही.

४. एकोणीस महिन्यांपूर्वी, ९ ऑगस्ट रोजी सकाळी, माझा उजवा हात ठोकळ्याजवळ पेडांत गेला. दवाखान्यात पश्चिम विभागाचे लिपिक जबानी घ्यायला आले. ‘अपघात कुठे झाला?’ असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, ‘चौदाव्या खांबापाशी.’ त्यांनी तसे लिहिले, मी डावा अंगठा उठवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे मला पुढे कळले.

५. कारण कारखान्याच्या मंजूर नकाशात खांबांचे क्रमांक फाटकापासून आहेत. माझा चौदावा तो त्यांचा सत्ताविसावा. आणि शेडच्या बरोबर मधोमध, जमिनीखालून, एक झाकलेले गटार जाते, तीच आपल्या दोन विभागांची हद्द. फाटकाकडची बाजू पश्चिमेची, चाकाकडची पूर्वेची. नकाशातला चौदावा पश्चिमेत आहे, माझा चौदावा पूर्वेत. त्या गटारावरून मी रोज शंभर वेळा गेलो असेन. पाय कोणत्या विभागात पडतो आहे हे पाहण्याची सवय लावून घेतली नाही, ही माझी चूक मी मान्य करतो.

६. पश्चिम विभागाने दावा दहा महिने ठेवून घेतला. मग पाहणीत खांबांचा उलगडा झाला आणि फाईल पूर्वेकडे गेली. पूर्व विभाग म्हणाला, जबानीत चौदावा खांब आहे आणि चौदावा खांब पश्चिमेत आहे, सबब आधी जबानी दुरुस्त करून आणावी, आणि दुरुस्ती ज्यांनी जबानी घेतली त्यांनीच करावी. पश्चिम विभाग म्हणाला, फाईल आमच्याकडे नाही, दुरुस्ती कशात करायची? इकडे आड, तिकडे विहीर. आणि दोन्हींच्या काठावर ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी.

७. शेवटी दोन्ही विभागांनी संयुक्त पाहणी केली, त्याबद्दल मी ऋणी आहे. दोन साहेब गटाराच्या दोन बाजूंना उभे राहिले, दोन शिपायांनी फीत धरली. लहानपणी आम्ही तळ्यात-मळ्यात खेळायचो त्याची आठवण झाली, पण मी हसलो नाही. त्या वेळी चाक सांभाळणारे काका (वय ६३, सरळ माणूस, विचारले त्याहून जास्त बोलणारे) यांनी आपणहून सांगितले, ‘साहेब, चौदावर चाक थांबलं हो. हात तर त्याचा बाविसावरच गेला होता. आठ खांब फरफटत आला बिचारा. मोटारीच्या आवाजात मला काय ऐकू येणार?’

८. काका खरे बोलले. बाविसावा खांब पश्चिमेत आहे. म्हणजे अपघात पश्चिमेत सुरू होऊन पूर्वेत संपला. हे ऐकून दोन्ही साहेबांचे चेहरे एकदम उजळले. पश्चिमेच्या टिपणीत आले: ‘इजा पूर्वेत पूर्ण झाली.’ पूर्वेच्या टिपणीत आले: ‘कारण पश्चिमेत उद्भवले.’ मग तोडगा निघाला, की दोन स्वतंत्र दावे करावेत, कोणते बोट कोणत्या खांबापाशी गेले याचा डॉक्टरांचा दाखला जोडावा, आणि प्रत्येक विभागाला दुसऱ्या विभागाचे ‘आम्ही ऐकत नाही’ असे पत्र द्यावे. मी डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, ‘मी हात शिवला. खांब नाही शिवले.’ त्यांनी दाखला दिला नाही. त्यांच्या जागी मीही दिला नसता.

९. महोदय, एवढ्यावर मी थांबलो असतो. भरपाई उशिरा मिळेल, कमी मिळेल, न मिळेल. माणूस तेही गिळतो. पण घोडे पेंड खाते ते पुढेच आहे, आणि तेवढ्यासाठी हा आठवा अर्ज आहे.

१०. पूर्वी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खांबांवरून एक दोरी होती. कुठूनही ओढली की चाकाजवळ घंटा वाजायची आणि काका बटण दाबायचे. अपघाताच्या आधी चार महिने ती दोरी तुटली होती. दोरखंडाच्या कारखान्यात घंटेला दोरी नव्हती! दिव्याखाली अंधार म्हणतात, आमच्याकडे तर दिव्यातच होता. आम्ही तीनदा सांगितले. व्यवस्थापक म्हणाले, ‘बघू.’

११. अपघातानंतर आठवड्याभरात पश्चिम विभागाने आदेश काढला: निकाल लागेपर्यंत चाक, ठोकळा, घंटा व तुटलेली दोरी हा पुरावा असल्याने ‘जैसे थे’ ठेवावा. काम चालू ठेवण्यास हरकत नाही, कारण फिरणे हा चाकाचा बदल नव्हे. तुटलेल्या दोन्ही टोकांना लाखेची मोहोर आहे. ती मी रोज पाहतो.

१२. आणि त्या ठोकळ्यावर, माझ्या जागी, दीड वर्षापासून माझी पत्नी काम करते. आमची राहती खोली कारखान्याची आहे. घरातले कोणी एक कामावर असेल तरच ती आमच्याकडे राहते. दाव्याचा निकाल लागेपर्यंत मला दुसरे काम द्यायचे नाही, असे कारखान्याच्या वकिलांचे मत पडले. हातावरचे पोट, आणि हात आता तिचे दोनच. उलटे चालणे तिला मीच शिकवले, खोलीत, भिंतीपासून दारापर्यंत. पहिल्या दिवशी ती म्हणाली, ‘तुम्ही नुसते शिकवा, घाबरवू नका.’ मी घाबरवले नाही. मीच घाबरलो होतो.

१३. गेल्या वर्षी फाईल पूर्वेकडे गेल्यावर मी विचार केला की आदेशही गेला असेल. आम्ही दोघांनी मिळून एक बारीक दोरी वळली. एक टोक मी गुडघ्यात धरले, दुसरे तिने. एका सुट्टीच्या दिवशी ती खांबांवरून ओढून घंटेला बांधली. तिसऱ्या दिवशी पुराव्यात ढवळाढवळ केल्याची नोटीस मला आली आणि दोरी काढून जप्त झाली. तेवढी नोटीस मात्र दोन्ही विभागांच्या सह्यांनी आली होती. त्या कामी हद्द कुणाच्याच आड आली नाही.

१४. आदेश उठवा म्हणून अर्ज केला. पश्चिम म्हणते, फाईल गेली, आता आम्हांला अधिकार नाही. पूर्व म्हणते, दुसऱ्याचा आदेश आम्ही कसा उठवणार? तेव्हा मी जड मनाने ठरवले की दावाच मागे घ्यावा. दावा नाही तर पुरावा नाही, पुरावा नाही तर दोरी बांधायला कुणाची ना नाही. तसा अर्ज दोन्हीकडे दिला. उत्तर आले, की ज्या विभागाला दावा ऐकण्याचा अधिकार आहे त्याच विभागाला तो मागे घेण्यास परवानगी देता येईल, सबब आधी अधिकार निश्चित व्हावा. म्हणजे मला भांडताही येत नाही आणि हरताही येत नाही. पत्नी पूर्वी चिडवायची, ‘सुंभ जळला तरी पीळ जळत नाही तुमचा.’ ते पत्र वाचून दाखवले त्या दिवसापासून ती तसे म्हणत नाही.

१५. गेल्या मंगळवारी दुपारी तिच्या उजव्या बाहीचा काठ पेडांत गेला. कापड जुने होते, कोपरापासून फाटले, म्हणून हात राहिला. नवे लुगडे-पोलके घेऊन देता येत नाही याचे नवऱ्याला कधी बरे वाटावे, असा प्रसंग माझ्यावर त्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी मी दोन्ही कार्यालयांत जाऊन घटना कळवली. दोन्हीकडे एकच उत्तर मिळाले: ‘इजा झालेली नाही, त्यामुळे हद्दीचा प्रश्न उद्भवत नाही.’ लिपिकबाई मनाने चांगल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, ‘दादा, काही झालं तर मात्र लगेच या. खांब नीट बघून ठेवा.’

१६. म्हणून आपल्या चरणी विनंती अशी की, माझा हात पूर्वेचा ठरवावा, पश्चिमेचा ठरवावा, नाणे उडवून ठरवावा. माझी हरकत नाही आणि पुढेही राहणार नाही, तसे लिहून देतो. चौदावा खांब नकाशाप्रमाणे मोजावा किंवा आमच्याप्रमाणे. दावा फेटाळायचा असेल तर आजच फेटाळावा. फेटाळणारा कोण, एवढे मात्र नक्की असावे. आणि यातले काहीच होणार नसेल तर घंटेला दोरी बांधण्याची एका ओळीची परवानगी द्यावी. दोरी आमची आम्ही वळू.

१७. शेवटी एक. आपल्या खिडकीवर अर्ज स्वतः हजर राहूनच द्यावा लागतो आणि पोच घेतल्याशिवाय जाता येत नाही, असा नियम आहे. नियमाबद्दल तक्रार नाही. मात्र गेल्या गुरुवारपासून मी रोज पाळी सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत शेडच्या मधोमध, गटाराच्या झाकणावर उभा असतो. तिथून मला ती दिसते आणि काकांना मी दिसतो. मी हात वर केला की ते बटण दाबतात. आज मी इथे आहे. काकांना सांगून आलो आहे, पण त्यांची नजर आता झाकणापलीकडे पोचत नाही. पाळी सातला सुरू झाली. आत्ता साडेअकरा झाले आहेत, माझ्यापुढे रांगेत सव्वीस माणसे आहेत, आणि झाकणावर कुणीही उभे नाही. तरी मेहरबानी करून पोच लवकर द्यावी.

उत्तर कुठल्याही विभागाकडून चालेल अशा मनःस्थितीतला,

आपला नम्र,
(डाव्या हाताची सही, जुन्या सहीशी जुळणार नाही)
दोर वळणारा, हजेरी क्रमांक ११२
दिनांक: १२ मार्च

सोबत:
१) संदर्भातील पत्रे, तीन.
२) पुराव्यात ढवळाढवळ केल्याच्या नोटिशीची प्रत.
३) बाहीचा तुकडा, एक. पाहून परत मिळावा. ती पुन्हा शिवणार आहे.