उंबरठ्यापासून वीस पावलं

होसकट्टे कॅम्प,
ता. ३ मार्च १९५८

ती. सौ. अहल्याअक्कास,
त्रिविक्रमाचा साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आणि चटणीपुडीचा डबा, दोन्ही पोचलं. डब्याचा तळ दिसू लागला आहे आणि क्षमा त्याबद्दल मला जबाबदार धरते.

इथलं काम संपत आलं. बंद खाणीचा शाफ्ट, म्हणजे आत उतरायचं उभं भुयार, दगडांनी भरून झाला. आता वरची माती कातळापर्यंत काढून काँक्रीटचं झाकण घालायचं. मग आवारात दुसरं तोंड नाही अशी सही मी करायची, की जागा गावच्या शाळेला मिळेल. आम्ही राहतो त्या क्वार्टरमध्येच वर्ग भरणार.

अडचण मल्लाप्पाची आहे. हा आपल्या अण्णांच्या वेळचा कामगार. आणखी एक होतं म्हणतो, पण तीन दिवसांत तीन जागा दाखवल्या. नकाशात एकच आहे. अण्णा इथं कारकून असताना त्यांनी आईला घातलेली पत्रं तुझ्या पेटीत आहेत. ती मोडीत, आणि मोडी मी शिकलो नाही हे तू जन्मभर ऐकवणारच आहेस. स्वल्प वेळ काढून दुसऱ्या शाफ्टचा उल्लेख कुठं आहे का, बघ. सही महिनाअखेरीला आहे.

क्षमानं अंगणात तुळस लावली. सगळीकडे कातळ, तेवढ्याच जागी मऊ माती लागली म्हणून खूष आहे. रोज दोन तांबे पाणी घालते, थेंबभर साचत नाही.

चटणी संपली तरी लोभ संपू देऊ नये.

तुझा,
त्रिविक्रम

बसवनगुडी, बंगळूर,
ता. ९ मार्च

चि. त्रिविक्रम यास,
अहल्याअक्काचे अनेक आशीर्वाद.

ऐकवणार होतेच. अण्णा पाटीवर मोडी गिरवून घ्यायचे तेव्हा तू पेरूच्या झाडावर असायचास.

एकोणतीस पत्रं वाचली. शाफ्ट हा शब्द एकातही नाही. तेव्हा खुशाल सही कर.

अण्णा मात्र पानापानावर भेटले. एकवीस सालच्या पत्रात तुमच्या त्या क्वार्टरच्या विहिरीचं केवढं पुराण! लिहितात, धाकट्या बावीवर फळ्या टाकून माती लोटली, साहेब म्हणतात एवढं पुरे, नकाशात दाखवायची गरज नाही. उंबरठ्यापासून वीस पावलं, कडुलिंबाच्या बाजूला. मनाला बरं वाटत नाही, मुलांना घेऊन येऊ नकोस. तू तेव्हा पाळण्यात होतास. आई त्यावरून वर्षभर रुसली होती. विहिरीच्या भीतीनं कुणी बायकोला माहेरी ठेवतं का? भित्रेपणाची कमाल.

ह्यांचा खोकला बरा आहे. चटणी पाठवते, या खेपेला क्षमाच्या नावानं. दोघांवर माझा जीव आहे हे वेगळं लिहायला नको.

अहल्याअक्का

होसकट्टे,
ता. १३ मार्च

ती. अक्कास सा. न.

इथं पाण्याची विहीर कधीच नव्हती. पाणी तळ्यावरून बैलगाडीनं येतं. तुझं पत्र वाचल्यावर मी मल्लाप्पाला गाठून शाफ्टला पूर्वी काय म्हणत, ते विचारलं. बावी म्हणाला. सगळेच म्हणायचे, अण्णाही. चूक माझी. मी शाफ्ट शोध म्हणालो, तू शाफ्टच शोधलास. घरात आपण विहिरीला बावी म्हणतो, तुला शंका कशी यावी?

उंबरठ्यावरून पावलं मोजली. अठराव्याला थांबलो, कारण पुढं तुळस होती. क्षमा मागून तांब्या घेऊन येत होती. लग्नाला बारा वर्षं झाली, तिच्यावर पहिल्यांदा ओरडलो. फार भ्यालो होतो, अक्का.

मग कमरेला दोर बांधून, लांब फळीवर पालथं पडून सळई खुपसली. दोन हात माती, मग कुजकं लाकूड, मग काहीच नाही. सळई हातातून सुटली. तीन अंक मोजले तेव्हा आवाज आला. सव्वाशे फूट तरी असेल.

आम्ही लगेच गावात राहायला आलो. सही केलेली नाही. क्षमा अजून बोलत नाही, तुझा तरी लोभ असू दे.

त्रिविक्रम

बसवनगुडी,
ता. १७ मार्च

चि. त्रिविक्रमास आशीर्वाद.

खुशाल सही कर, हे मीच लिहिलं. दोन दिवस जेवण गेलं नाही. सदतीस वर्षं ते पत्र घरात होतं आणि आम्ही अण्णांना भित्रे म्हणून हसत होतो. आई तर तशीच रुसवा ठेवून गेली. आज त्यांच्या फोटोपुढं ते पत्र मोठ्यानं वाचलं.

क्षमाला जप. पत्र उलट टपाली घाल.

अक्का

होसकट्टे,
ता. २० एप्रिल

ती. अक्कास सा. न. वि. वि.

धाकटी बावी बंद झाली. बाजूनं माती खणत कातळ मोकळा केला, कुजक्या फळ्या काढल्या, दगड भरले आणि काठाच्या चार फूट पुढं जाईल असं सळया घातलेलं काँक्रीटचं झाकण बसवलं. आतली हवा कोंडू नये म्हणून एक नळी वर ठेवली, भोवती कुंपण. नकाशात दोन्ही तोंडं दाखवली. इंग्रजीत शाफ्ट लिहिलं आणि खाली कन्नडात बावी. मग सही केली. मल्लाप्पाला दाखवलं तर ‘सरी’, बरोबर आहे, म्हणाला, आणि ही चौथी जागा आपण सांगणारच होतो असंही म्हणाला.

क्षमा बोलायला लागली आहे. गावातल्या घरापुढं तिनं तुळस पुन्हा लावली. रोज पाणी घालते आणि तिथंच उभी राहते. पाणी साचलेलं दिसल्याशिवाय घरात येत नाही.

डबा रिकामा झाला आहे. लोभ भरून पाठव.

तुझा,
त्रिविक्रम