बिननावाचा वादी

नागपूर, फेब्रुवारी १९७४

प्रिय मधू,

पाट्यांवर बोटांनी धरलेला तो ठेका सकाळपासून कानात वाजतो आहे. काटोलच्या शाळेत आपण कविता म्हणायचो, अख्खा वर्ग पाटीवर ठेका धरायचा, आणि तू हमखास मधलं कडवं गाळून ध्रुवपदावर उडी मारायचास. ठेका फटकन बंद पडायचा. गुरुजी विचारायचे, "मधुसूदना, कडवं कोणी खाल्लं गा?" आणि आपण पोट धरून हसायचो. आज तुझ्या सहीचा दाव्याचा कागद हातात आहे आणि हसू येत नाही. आज तुझ्या नावाआधी 'प्रिय' लिहायलाही हाताला बळ लागलं.

वादी: गर्भस्थ अपत्य, तर्फे आजोबा चंपतराव. प्रतिवादी: प्रेमिला. ज्याला अजून नाव नाही तो वादी, आणि माझ्या ज्या लेकीच्या बारशाला तू स्वतः कविता म्हटलीस, ती आरोपीसारखी खाली! वकील झालास म्हणजे एवढं विसरायचं असतं का रे?

संक्रांतीच्या आधी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून जावई गेले. तेराव्यानंतर कळलं, प्रेमिलाला दिवस आहेत. मी वेड्यासारखा हरखलो. पण लहानपणी सांधेतापात तिच्या हृदयाची झडप बिघडलेली, हे तुलाही ठाऊक आहे. दोन डॉक्टरांनी तपासून लेखी दिलं: हे बाळंतपण ती सोसणार नाही. गर्भपाताच्या नव्या कायद्यानं वाट मोकळी आहे, सहीसुद्धा फक्त तिचीच लागते. ती रात्रंदिवस रडली आणि मग सही केली. त्यावर तुझा दावा आला, की राज्यघटना प्रत्येक व्यक्तीला जीविताचा हक्क देते, आणि गर्भ ही व्यक्तीच, कारण वारसा कायदा पोटातल्या मुलालाही बापाच्या मिळकतीत वाटा देतो.

मी मराठीचा मास्तर, कायद्यातलं मला काय कळणार! तरी वाचनालयात बसून ते कलम वाचलं. पोटातल्या मुलाला वाटा मिळतो, पण ते जिवंत जन्मल्यास. ते शब्द तुझ्या दाव्यात नाहीत. पुन्हा कडवं खाल्लंस! आणि घटनेतली ती 'व्यक्ती' शोधताना माझी चालतीबोलती, धाप लागून जिन्यात बसणारी पोरगी तुला दिसलीच नाही? ती काल म्हणाली, "बाबा, सगळे माझ्या पोटाशी बोलून राहिले. माझ्याशी कोणी बोलतच नाही." सांग, यावर कुठलं कलम लावू?

माझ्या व्याह्यांना, चंपतरावांना, बागेची काळजी आहे. बाग मुलाच्या नावावर होती, ती सुनेकडे जाऊ नये म्हणून त्यांना नातू हवा. सोयरीक जुळली तेव्हा त्यांनीच मला बाग दाखवली होती. संत्र्याचा आंबिया बहार फुलला होता, वाऱ्याला काय गंध होता! मी आपला तंद्रीत. एका खंगलेल्या झाडाची फुलं मात्र गडी झाडून टाकत होता. मला वाईट वाटलं. तर म्हणाले, "काहून हळहळता मास्तर? कमजोर झाडावर बहार धरत नसतात. झाड वाचलं तं सारंच वाचलं." बाई म्हणजे झाड नव्हे, हे मलाही कळतं रे. पण झाडाएवढी तरी तिची किंमत करा!

काल ते इथे नागपूरच्या बाजारात भेटले. चारचौघांत म्हणाले, "नातवाचा जीव घ्याले निघाले तुम्ही, अन् पोराइले कविता शिकोता?" घरी येऊन भिंतीवर मूठ आपटली. अजून दुखते आहे, अक्षर त्यामुळे वाकडं.

हे लिहिण्याचं कारण एकच. उद्या मनाईहुकुमाची सुनावणी आहे. हुकूम झाला तर तारखांमागून तारखा पडतील, आणि डॉक्टर म्हणतात, तितकी सवड तिच्यापाशी नाही. वकीलपत्र सोड, असं मी म्हणत नाही. फक्त उद्या उभा राहशील तेव्हा वाक्य पूर्ण म्हण. न्यायाधीशासमोर 'जिवंत जन्मल्यास' म्हण, आणि प्रेमिला हे नाव मोठ्यानं घे. नाही घेतलंस तर आपला ठेका इथेच थांबला.

इथवर लिहिलं आणि दार वाजलं. तुझाच कारकून दुसरी नोटीस घेऊन आला असेल, म्हणून तणतणत उघडलं. दारात पार्वतीबाई! चंपतरावांची बायको, जिचा मुलगा गेला ती. घरी न सांगता काटोलहून एसटीनं एकटी आलेली. मला ओलांडून सरळ प्रेमिलापाशी गेली, तिचं डोकं छातीशी धरलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "लेकराकडून आजा बोलून राहिला, तं आजीले काहून नाही इचारलं कोणी? पोरगा गेला माहा. आता सून नाही जाऊ देत. उद्या कोर्टात मले उभी करा, भाऊ."

मधू, तुझ्या वादीची आजी येते आहे. तयारीनं ये.

अजून तरी तुझाच,
अनंत