खाळकुव्यातली हाडं

३ फेब्रु., मंगळ.
मागच्या अंगणातला संडास पाडायला एकदाचा मुहूर्त लागला. घरात फ्लश आल्यापासून बंदच होता. त्याच्याखालचा खाळकुवा उपसताना मजूर ओरडला, "साहेब, आ तो हाडकां छे!" चांगली पाटीभर निघाली. आमच्या घरात! चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर असतो इथे. सौ.ने गोमूत्र शिंपडलं. मीरा मात्र खूष. युनिव्हर्सिटीत पुरातत्त्व शिकणाऱ्या लेकीला घरबसल्या उत्खनन! धुऊन गच्चीवर वाळत घातलीत, पापडांसारखी.

४ फेब्रु.
नानाकाकांचे प्रताप, दुसरं कोण. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, धाकटा भाऊ. मित्रांकडे मटण खाल्लं म्हणून अण्णांनी घराबाहेर काढलं ते कायमचं. आता करजणला एकटे असतात. मी दोनदा गेलोय, पाणीही प्यालो नाही. अण्णांचा मुलगा ना मी!

६ फेब्रु.
जुळत नाही. संडास बांधला माझ्या मुंजीच्या उन्हाळ्यात. विटांच्या ढिगावरून पडलो होतो, नक्की आठवतंय. आणि मुंजीला काका नव्हते, आधीच बाहेर काढलेले. म्हणजे हाडं त्यांच्यानंतरची.
मग खाल्लं कोणी? अण्णा? आई? छे. लिहवत नाही.

८ फेब्रु., रवि.
मीरा म्हणाली, "बाबा, सगळी बकऱ्याच्या पायांची आहेत. नळ्या फोडून उकळलेल्या. सोबत औषधाच्या बाटल्या. कुणी आजारी होतं का घरात?"
होतं. मी. मुंजीनंतर दोन वर्षं छाती धरलेली, शाळा बंद. आई रोज संध्याकाळी काढा पाजायची, आलं-मिरं घातलेला. ओठांना चिकटायचा. वर तवंग.
म्हणजे मीच खाल्लं. जन्मभर लोकांना शाकाहार शिकवत हिंडलो तो मी. कचऱ्यात दिसली तर गल्लीत बोभाटा होईल, म्हणून हाडं संडासात.
लाज वाटायला हवी, पण राग येतोय. अण्णांचा. ज्या गोष्टीसाठी सख्ख्या भावाला...

११ फेब्रु.
करजणला जाऊन आलो. काका ऐंशीचे झालेत, खंगलेत. पाणी मागून प्यालो. सगळं सांगितलं. त्यांना नवल वाटलंच नाही.
"ठाऊक आहे रे बाळू. मीच आणून देत होतो. तेव्हा तुमच्याच शहरात, फतेगंजात खोली होती माझी. डॉक्टरांनी पायाचं सूप सांगितलं, दादाला बाजारात जायची लाज. दर बुधवारी मागच्या दाराशी येऊन पिशवी द्यायचो."
"अण्णा आत ये म्हणाले नाहीत?"
"बाळूला बरं आहे का, एवढं विचारायचो. दारातूनच. मग निघायचो."
मला रडू फुटलं. ह्या वयात, त्यांच्यासमोर. म्हटलं, घरी चला काका, आता आमच्यातच राहा. रविवारी गाडी घेऊन येतो. निघताना एवढंच म्हणाले, "मी अजूनही खातो हं, बाळू. सूनबाईला विचारून ये."
अजून विचारलेलं नाही.